गेरूची चार बोटं

तोरंबवाडीत सरकार बदललं त्या दिवशी कुणी काही पेटवलं नाही, की कुणी काही वाजवलं नाही. पोलीसपाटील बायकोच्या बाळंतपणाचं निमित्त सांगून सकाळीच छकड्यात बसून नळदुर्गाच्या वाटेला लागला. त्याच्या बायकोनं पन्नाशी ओलांडली होती. दुपारी हद्दीपलीकडच्या, निजामाविरुद्ध लढणाऱ्या क्यांपातली बारा-तेरा पोरं आली, त्यांनी चावडीचं कुलूप तोडलं, आत एक फुटका हुक्का आणि उंदराची पिल्लं सापडली. झालं. निजामाचं राज्य इथं एवढंच उरलं होतं.

पोरांनी मात्र कामाला हात घातला. नाक्यावरची कोंबड्यांची वसुली बंद झाली. शिंदीची झाडं तोडली, त्याचं काहींना दुःख झालं. सख्ख्या भावांचा नऊ वर्षांचा बांधाचा तंटा त्यांनी एका दुपारी तोडला. सोलापूरहून एक कंपाउंडर आला आणि अख्ख्या गावाला पटकीची सुई टोचून गेला. तीन दिवस गावाचे दंड सुजले, आणि म्हातारी माणसं म्हणाली, आधीचं राज्य बरं होतं, निदान हात तरी वर होत होता.

मग ज्वारीची गोष्ट निघाली. दोन सालं लेव्हीच्या नावानं घराघरातून नेलेली ज्वारी पाटलाच्या खळ्यात जमिनीखालच्या पेवात पडून होती, आणि गाव तरवट्याची भाजी उकडून खात होतं. क्यांपाचा म्होरक्या मल्लिनाथ म्हणून होता, सोलापूरच्या गिरणीत मागावर काम केलेला, तिशीचा, बोटं लांब आणि बोलणं थोडं. त्यानं सांगितलं, पेव फोडायचं आणि खाणाऱ्या तोंडावर वाटायचं. जात बघायची नाही, शेत बघायचं नाही. दर तोंडाला एक पायली.

पण यादी करायची नाही, असंही तो म्हणाला. कागद कुणाच्या खिशात सापडला तर गाव जळेल. तेव्हा गेरू कालवला आणि घराघराच्या चौकटीवर बोटं ओढली. खाणारं एक तोंड, गेरूचं एक बोट. लांबून बघणाऱ्याला वाटावं, सणाचं काही असेल. चांदसाब पिंजाऱ्याच्या चौकटीवरसुद्धा सात बोटं उठली. मोजणी शेजाऱ्यासमोर व्हायची, आणि शेजाऱ्यानं मान हलवली तरच बोट पक्कं.

बोटं ओढायचं काम उत्तरेश्वरकडं होतं. पेवात उतरायचंही त्याच्याचकडं. त्याचा बाप ईरण्णा हा पंचक्रोशीतला पेव खणणारा. जमिनीत हात घालून मुरूम कुठं लागेल ते सांगायचा. आजवर त्यानं चाळीस पेवं खणली आणि एकाही पेवात त्याची स्वतःची ज्वारी पडली नाही. उत्तरेश्वरानं बापाचं कसब घेतलं आणि क्यांपाकडून एक पांढरी टोपी घेतली, आणि टोपी आल्यापासून तो जरा ताठ चालायला लागला होता.

त्याच्या घरासमोरच्या शांताक्कानं आपल्या घरची तोंडं सहा सांगितली. उत्तरेश्वरानं सहावं बोट ओढलं, मग थांबला.

"सासू तर मार्गशीर्षात गेली की तुझी."

आजूबाजूला पाच-सहा बाया उभ्या होत्या. उत्तरेश्वरानं धोतराचा सोगा तोंडात धरून ओला केला आणि सगळ्यांसमोर ते सहावं बोट पुसलं. पुसताना म्हणाला, "मेलेली माणसं खाऊ लागली तर जित्यांनी काय करावं?" बाया हसल्या. त्यात त्याची बायको पार्वतम्माही होती. त्या दिवसापासून शांताक्का त्यांच्या दाराकडं तोंड करून भांडीसुद्धा घासत नव्हती.

आपल्या चौकटीवर उत्तरेश्वरानं चार बोटं ओढली. बाप, आपण, बायको, आणि चार वर्षांची नीलव्वा. आणि वर सांगितलं, वाटणाऱ्याचं घर शेवटी.

पहिल्या दिवशी सगळं रीतीनं झालं, कारण ईरण्णा तिथं होता. पेवाचं तोंड माणूस आत जाईल एवढंच असतं, खाली मात्र माठासारखं पोट सुटलेलं. बंद पेवात वारा कुजतो. ईरण्णानं पहाटे झाकणाचा दगड काढायला लावला आणि दिवसभर कुणाला जवळ येऊ दिलं नाही. पोरं कुरकुरली. तो खळ्याच्या कडेला बसून सुपारी कातरत राहिला. ऊन उतरल्यावर त्यानं कंदील दोराला बांधून आत सोडला. माणसाच्या उंचीएवढा, एक पुरुष खोल गेल्यावर कंदील ज्वारीला टेकला आणि जळत राहिला. मग त्यानं दोरावर तेवढ्या मापाला गाठ मारली, म्हणाला, "इथवर वारा चांगला हाय," आणि मग पोराला उतरू दिलं.

अर्ध्या गावाला ज्वारी मिळाली. पेवातल्या ज्वारीला एक आंबूस वास असतो, भाकरी तांबूस होते. त्या संध्याकाळी गावात तोच वास दरवळत होता, आणि अर्धं गाव तो घेत उपाशी झोपलं. त्यात ईरण्णाचं घर होतं.

दुसऱ्या दिवशी वाटप व्हायचं, तर लोहाऱ्याकडून पोलिसांची मोटार निघाल्याची आवई आली. पोरांनी पेवावर दगड ठेवला, चिखलानं लिंपलं, वर कडब्याच्या पेंढ्या रचल्या आणि ती हद्दीपार झाली. मोटार आली नाही. वळवाचा एक सडाका मात्र येऊन गेला. कडबा भिजला, चिखलाला भेगा पडल्या.

तिसऱ्या दिवशी पोरं परत आली. ईरण्णा पहाटेच माळाकडच्या वावरात गेला होता. मल्लिनाथ घाईत होता. दुपारच्या आत वाटून परत फिरायचं होतं. दगड काढून तासभर झाला असेल.

उत्तरेश्वर घरी आला, पाणी प्याला, उंबऱ्यावर बसला.

"अप्पा असते तर बरं झालं असतं," तो म्हणाला.

पार्वतम्मा तरवटा निवडत होती. नीलव्वा तिच्या पाठीला चिकटून रडत होती. ते रडणं आता नुसती घरघर झालं होतं, त्यात पाणीही येत नव्हतं.

"परवा उतरलाच व्हता की," पार्वतम्मा म्हणाली. "उघडलेलं पेव हाय. बाया सकाळधरनं पाट्या घेऊन बसल्यात. गावाला वाटतावा, आन् घरात पोर पाला खायलीय."

"दिवसभर उघडं ठेवावं लागतंय."

"मग बसा की. टोपी घालून बसा."

तो उठला. टोपी त्यानं खुंटीला अडकवली आणि गेला. तिला वाटलं, रागानं टोपी ठेवली. पेवात उतरताना टोपी कोण घालतं, हे तिला मागाहून सुचलं.

खळ्यात त्यानं कंदील सोडला. दोर गाठीपर्यंत सोडला. कंदील जळत राहिला. सगळ्यांनी बघितला. कंबरेला दोर बांधून तो आत गेला, खाली टेकल्यावर दोर सोडून त्यानं तो पाटीला बांधला. एक पाटी वर आली. पाटी रिकामी करून परत सोडली. मग दोराला हिसका आला नाही.

"उत्तरेश्वर," मल्लिनाथनं हाक मारली. "ए उत्तरेश्वर."

आतून मल्लिनाथचीच हाक जाडी होऊन परत वर आली.

क्यांपातलं एक पोर आत पाय सोडून बसलंच होतं. चांदसाबनं त्याला काखेत धरून मागं ओढलं. "मरना है क्या रे," तो म्हणाला, आणि कुणीतरी वावराकडं पळालं.

ईरण्णा आला तेव्हा त्याच्या हातात कुदळ तशीच होती. त्यानं कुणाला काही विचारलं नाही, नुसतं दोराकडं बघितलं.

"कंदील कुठवर सोडला व्हता?"

"गाठीपर्यंत," मल्लिनाथ म्हणाला. "जळत होता काका. सगळ्यांनी बघितला."

ईरण्णा खाली बसला. "गाठ परवाची," तो म्हणाला. "परवा ज्वारी तितवर व्हती. आता ज्वारी पुरुषभर खाली गेली न्हवं?"

त्यानं स्वतः कंदील पेटवला आणि सोडला. गाठीपर्यंत कंदील जळत गेला. गाठ हातातून सरकली, आणखी हातभर दोर गेला, आणि आत अंधार झाला. विझताना आवाजसुद्धा झाला नाही. त्यानं कंदील वर घेतला, काच गरम होती. परत पेटवला, परत सोडला. परत तिथंच विझला. मग त्यानं कंदील बाजूला ठेवला.

मल्लिनाथ सदरा काढत होता. "मी श्वास धरून जातो. दोर बांधा मला."

ईरण्णानं त्याचं मनगट धरलं. म्हाताऱ्याच्या हातात चाळीस पेवांचा जोर होता. "एक गेला," तो म्हणाला. "दुसरा न्हाय जायचा."

"जिवंत असेल काका."

"न्हाय."

कुणीतरी विहिरीतला गळ आणला. ईरण्णानं तो हातातून घेतला आणि लांब फेकून दिला. "गळानं कळशी काढत्यात," तो म्हणाला.

मग त्यानं घोंगडी दोराला बांधून पेवात वरखाली करायला लावली. पोरं पाळीपाळीनं घोंगडी हलवत राहिली, घामानं भिजली, आणि ऊन कलल्यावर कंदील पुन्हा सोडला तेव्हा तो हातभर आणखी खाली जाऊन विझला. "सकाळी," ईरण्णा म्हणाला.

पार्वतम्मा पेवाच्या तोंडाशी बसली होती. तिला कुणी आणून बसवलं की ती आपण होऊन आली, ते तिला आठवत नव्हतं. रडू आलं नाही. बाया तिला धरून रडत होत्या, तेव्हा त्यांचे केस तिच्या तोंडात जात होते आणि ती ते बोटानं काढत होती. पेवातून आंबूस वास येत होता. त्या वासानं तिच्या तोंडाला पाणी सुटलं. तिनं ते गिळलं, परत सुटलं, परत गिळलं. नवरा आत मरून पडलाय आणि आपल्या तोंडाला पाणी सुटतंय, याची तिला लाज वाटली. पण ती लाजसुद्धा लांबून कुठून तरी आल्यासारखी होती.

'टोपी घालून बसा.' हे तिचं तिलाच ऐकू येत होतं. ते दुसऱ्या कुणी ऐकलं नव्हतं. नीलव्वानं ऐकलं होतं, पण तिला त्यातलं काय कळणार.

सकाळी कंदील तळापर्यंत जळत गेला. मल्लिनाथ उतरला. खाली त्यानं दोर बांधला. मग म्हणाला, "ओढा. हळू."

उत्तरेश्वर बसलेलाच वर आला. ज्वारीला पाठ टेकून, गुडघे पोटाशी घेऊन तो बसला होता आणि तसाच ताठला होता. पेवाच्या तोंडातून काढताना त्याचा खांदा घासला, तेवढंच. केसांत, कानांत, सदऱ्याच्या खिशात ज्वारी होती. आमच्याकडं लिंगायतांत मेलेल्या माणसाला बसवून पुरतात. अंग ताठायच्या आत पाय दुमडून, भिंतीला टेकवून बसवावं लागतं, चार माणसांचं काम असतं ते. मठाचे स्वामी आले, त्यांनी बघितलं, कपाळाला विभूती लावली आणि म्हणाले, "ह्याला बसवायची गरज न्हाय."

मल्लिनाथ ईरण्णाजवळ आला. "काका, क्यांपाचा झेंडा अंगावर घालतो. हुतात्मा म्हणून आम्ही कळवू. पोलिसांची गोळी लागली म्हटलं, तर पुढं घराला..."

"गोळी कुठंय?" ईरण्णा म्हणाला.

मल्लिनाथनं झेंडा परत गुंडाळला.

"पेवात गेला म्हना. इचारलं तर."

वावराच्या कडेला खड्डा ईरण्णानं स्वतः खणला. दुसऱ्या कुणाला कुदळ दिली नाही. माती काढताना तो सवयीनं बाजू साफ करत होता, कोपरे गोल करत होता. खड्डा खोल गेला आणि त्यानं खालून पोट सुटल्यासारखा मुरूम कोरायला घेतला, तेव्हा चांदसाबनं वरून हात दिला. "बस कर ईरण्णा," तो म्हणाला. "पेव नाही हाय ते."

ईरण्णा थांबला. आपण काय करत होतो, ते त्यानं बघितलं आणि हात धरून वर आला.

दुसऱ्या दिवशी उरलेली ज्वारी वर आली. दोन दिवस पेव उघडं होतं, कंदील तळाला टेकला होता, मल्लिनाथ उतरला होता आणि दोर ईरण्णाच्या हातात होता. जुनी गाठ त्यानं सोडवली नव्हती, ती हातातून वर-खाली जात होती. गाव शांत होतं. ज्या बाया दोन दिवसांपूर्वी पाट्या घेऊन भांडत होत्या, त्या आपापल्या दारात उभ्या होत्या. ही ज्वारी घ्यावी की नाही, हे कुणी कुणाला विचारत नव्हतं. विचारलं असतं तर घेता आली नसती.

पार्वतम्मा दारापुढचा ओटा सारवत होती. आमच्यात सुतक धरत नाहीत, आणि काहीतरी करायला हवं होतं. शेणाचा हात ओट्यावरून भिंतीला आणि भिंतीवरून चौकटीला आला. तिथं गेरूची चार बोटं होती. पहिलं जरा वाकडं, मग तीन सरळ. वाकडं कुणाचं आणि सरळ कुणाचं, हे काही ठरवून ओढलेलं नव्हतं. तिनं पदराचं टोक पाण्यात बुडवलं आणि तशीच उभी राहिली. पाणी कोपरापर्यंत ओघळत गेलं.

मल्लिनाथ पायली घेऊन आला. मागं दोन पोरं पोतं धरून होती. त्यानं बोटांकडं बघितलं, आणि लगेच दुसरीकडं बघितलं. पण त्यानंच केलेला नियम होता. प्रत्येक दारात विचारायचं, शेजाऱ्यासमोर विचारायचं. आजवर एक दार चुकलं नव्हतं. इथं विचारलं नाही तर उद्या कुठं विचारणार?

"वहिनी," तो म्हणाला. "खाणारी किती?"

पार्वतम्मानं तोंड उघडलं. तीन म्हणायचं होतं. तीन हा शब्द तिला येत होता, जिभेवर होता, पण तो म्हटला की उत्तरेश्वर घरातून जाणार होता. खड्ड्यात बसवला तेव्हा तो गेला नव्हता, तो आत्ता जाणार होता आणि तिच्या तोंडून जाणार होता. एकदा तिनं त्याला घालवलंच होतं. तिचे ओठ हलले, आवाज निघाला नाही. ईरण्णा ओट्याच्या कडेला बसून दोर गुंडाळत राहिला.

मल्लिनाथ थांबला होता. गल्लीतल्या सगळ्या दारांत माणसं होती.

"चार," समोरून आवाज आला.

शांताक्का आपल्या उंबऱ्यावर उभी होती. हात राखेचे होते. तिच्या मागं चौकटीवर पाच बोटं होती आणि सहाव्या जागी पुसल्याचा तांबूस डाग.

"अक्का," मल्लिनाथ हळू म्हणाला.

"चार हायती म्हनलं न्हवं? म्या शेजारीन हाय. मला ठावं हाय." तिचा आवाज चढला. "बोटं दिसंनात व्हय तुला? मोज."

कुणी हसलं नाही. चांदसाबनं आपल्या दारातून मान हलवली. मग पलीकडच्या दोघी-तिघींनी हलवली.

मल्लिनाथनं मापलं. एक, दोन, तीन. चौथी पायली त्यानं शिगोशीग भरली, हातानं सपाट केली नाही, आणि पार्वतम्माच्या पाटीत ओतली. काही दाणे ओल्या सारवणावर पडले. ती खाली बसून ते एकेक वेचायला लागली. वर बघितलं तेव्हा शांताक्का आत गेली होती.

सांज व्हायच्या आत तिनं दळलं. पीठ तांबूस होतं. चूल पेटवली, तव्यावर भाकरी पडली आणि तो वास घरभर झाला. नीलव्वा चुलीजवळ येऊन बसली, पहिला तुकडा तिनं फुंकर न घालताच तोंडात घातला आणि भाजली तरी थुंकली नाही. पार्वतम्मानं सवयीनं तीन मोठ्या आणि एक लहान थापली. सासऱ्यापुढं ताट ठेवलं, मीठ-मिरची ठेवली. खुंटीवर टोपी होती.

ईरण्णानं भाकरी मोडली, हुंगली, आणि खायला लागला.

पार्वतम्मानं घास घेतला. घास घशात अडकेल असं तिला वाटलं होतं. अडकला नाही. भाकरी गोड लागली. सहा दिवसांनी पोटात धान्य गेलं होतं, आणि अंगाला त्याशिवाय दुसरं काही कळत नव्हतं. तिनं पहिली भाकरी संपवली. हात आपोआप दुसऱ्या भाकरीकडं गेला, आणि तेव्हा तिला कळलं की ती कुणाची आहे. तिनं हात मागं घेतला.

"मामंजी," ती म्हणाली. "त्येंनी न्हाय जायचं म्हनलं व्हतं. म्याच म्हनलं. टोपी घालून बसा म्हनलं."

ईरण्णा चावत राहिला. त्याचे दात थोडेच उरले होते, एका घासाला त्याला वेळ लागायचा. त्यानं घास गिळला.

"गाठ माझी व्हती," तो म्हणाला.

चुलीतलं लाकूड खाली बसलं. त्यानं ती उरलेली भाकरी उचलली, मधोमध मोडली, अर्धी आपल्याकडं ठेवली आणि अर्धी तिच्यापुढं सरकवली.

"खा," तो म्हणाला. "गार झाली की लई वास येतोय हिला."

तिनं खाल्ली.